भास्करीय बीजगणितांतील एक दशांकी संख्या : तिचे गुणधर्म व पाठनिर्णय

१. जुन्या पोथ्यांचें संशोधन करणाऱ्या मंडळींचें लक्ष सामान्यतः शब्दांच्या पाठभेदांकडे असतें. श्लोकांतील शब्द बदलला तर छंद मोडतो, अन्वय बिघडतो, अर्थ लागेनासा होतो. म्हणून शब्दांतील चूक फार काळ लपून राहत नाहीं. अंकांची गोष्ट निराळी. गद्यांत मांडलेल्या अंकाला ना छंदाचें कुंपण, ना व्याकरणाचा पहारा. तिनाच्या जागीं सहा पडला, किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तरी ओळ पूर्वीइतकीच नीटनेटकी दिसते, आणि वाचणारा तिच्यावरून निःशंकपणें पुढें जातो. गणिताच्या व ज्योतिषाच्या पोथ्या आपल्याकडील अनेक दप्तरांत आहेत. त्यांतील मोठ्या संख्यांचा शुद्ध पाठ कसा ठरवावा, याचा विचार एकाच संख्येच्या आधारानें प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. ती संख्या म्हणजे १७६६३१९०४९. ही निवडण्याचें कारण असें कीं, ती स्वतःची साक्ष स्वतःच देते. आणि दुसरें कारण असें कीं, तिच्या बाबतींत प्रस्तुत लेखकाच्या हातून एक प्रमाद घडला आहे, तो येथें नमूद करणें त्यास कर्तव्य वाटतें.

२. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे शके १०७२ (सन ११५०) मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचिला, असें त्यांनींच सांगून ठेविलें आहे. आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयास असल्याचेंही ते सांगतात. त्या विज्जलविड गांवाच्या स्थाननिश्चयाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु घराण्याचा संबंध खानदेशाशीं होता हें चाळीसगांवजवळील पाटण येथील शिलालेखावरून स्पष्ट होतें. डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणलेल्या या लेखांत आचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता, यानें सिद्धांतशिरोमणीच्या व घराण्यांतील इतर ग्रंथांच्या अध्ययनाकरितां मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. एखाद्या ग्रंथाच्या पठनपाठनाकरितां दान मिळाल्याचा असा पुरावा क्वचितच आढळतो. आपली संख्या ज्या बीजगणितांत आहे, तो ह्याच सिद्धांतशिरोमणीचा भाग होय.

बीजगणितांतील चक्रवालाच्या प्रकरणांत आचार्य दोन प्रश्न घालतात. कोणता वर्ग ६७ नें गुणून त्यांत एक मिळविला असतां पुनः वर्गच येतो, आणि कोणता वर्ग ६१ नें गुणून एक मिळविला असतां वर्ग येतो? पहिल्याचें उत्तर ५९६७ व ४८८४२. दुसऱ्याचें उत्तर २२६१५३९८० व १७६६३१९०४९. ज्यानें गुणावयाचें त्या ६१ ला प्रकृति म्हणतात. ज्याचा वर्ग गुणावयाचा तें कनिष्ठ. जो अंक मिळवावयाचा तो क्षेप. आणि येणाऱ्या वर्गाचें मूळ तें ज्येष्ठ. आपली संख्या म्हणजे प्रकृति ६१ व क्षेप १ असतांचें सर्वांत लहान ज्येष्ठ.

प्रश्न दिसावयास इतका लहान कीं, उत्तर असें अवाढव्य येईल असें कोणासही वाटूं नये. प्रकृति ६० असती तर कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१ येऊन काम भागलें असतें; ६२ असती तर ८ व ६३. मधल्या एकसष्टानें मात्र नऊ अंकी कनिष्ठ व दहा अंकी ज्येष्ठ मागून घेतलें. आचार्यांनीं नेमका हाच अंक उदाहरणास निवडिला, तो सहज हातीं लागला म्हणून निवडिला असें मानणें कठीण आहे. क्रमाक्रमानें कनिष्ठ घेऊन पाहणारास बावीस कोटींहून अधिक वेळां यत्न करावा लागेल. रीति जाणणारास हें उत्तर एका पाटीवर मिळतें.

३. ती रीति अशी. इष्ट कनिष्ठ १ घेतलें. त्याचा वर्ग ६१ नें गुणून त्यांत ३ मिळविले म्हणजे ६४ होतात. म्हणून ज्येष्ठ ८ व क्षेप ३. आतां कुट्टकानें असा गुणक शोधावयाचा कीं, त्यानें कनिष्ठास गुणून ज्येष्ठ मिळविलें असतां क्षेपानें निःशेष भाग जावा, आणि त्या गुणकाचा वर्ग प्रकृतीच्या जवळचा असावा. असा गुणक ७. सात व आठ मिळून १५, त्यास ३ नें भागून नवें कनिष्ठ ५. सातांचा वर्ग ४९, तो ६१ पेक्षां १२ नें उणा. बारांस ३ नें भागून ४, आणि वर्ग उणा असल्यामुळें क्षेप ऋण ४. ज्येष्ठ ३९. पडताळा : ५ चा वर्ग २५, ६१ नें गुणून १५२५, त्यांतून ४ वजा जातां १५२१, आणि हाच ३९ चा वर्ग.

पुढें आचार्य दोहोंनीं अपवर्तन देतात. कनिष्ठ पांच द्वितीयांश, ज्येष्ठ एकोणचाळीस द्वितीयांश, क्षेप ऋण १. ह्याची स्वतःशींच भावना केली असतां कनिष्ठ १९५ द्वितीयांश, ज्येष्ठ १५२३ द्वितीयांश, क्षेप धन १. हें उत्तर खरें, पण अपूर्णांकांत. म्हणून त्याची पूर्वीच्याशीं पुनः भावना करितात. तेव्हां कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप ऋण १ असे पूर्णांक येतात. ह्या मुळांची तुल्यभावना केली कीं २२६१५३९८० व १७६६३१९०४९ हीं मुळें सिद्ध होतात. कुट्टकाचा एकच प्रयोग, एक अपवर्तन व तीन भावना, एवढ्यांत काम आटोपतें. ही भावना आचार्यांची स्वतःची नव्हे. ती ब्रह्मगुप्तानें शके ५५० मध्यें ब्रह्मस्फुटसिद्धांताच्या कुट्टकाध्यायांत सांगितली आहे.

४. आतां ह्या दहा अंकी संख्येचे गुणधर्म पाहूं. ते केवळ कौतुकाचे नाहींत. पाठनिर्णयास त्यांचा प्रत्यक्ष उपयोग आहे.

(अ) तीतून एक वजा करावा. उरलेली १७६६३१९०४८ ही २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे.

(आ) तींत एक मिळवावा. आलेली १७६६३१९०५० ही ३८०५ च्या वर्गाची बरोबर १२२ पट आहे. म्हणून एक मिळवून ६१ नें भागिलें असतां निःशेष भाग जातो, भागाकार २८९५६०५०. हे दोन्हीं गुणधर्म वरील भावनेंतूनच निघतात. कारण २९७१८ च्या वर्गांत एक मिळविला कीं तो ३८०५ च्या वर्गाची ६१ पट होतो.

(इ) संख्येस १५२३ नें निःशेष भाग जातो, भागाकार ११५९७६३. आणि कनिष्ठास १९५ नें निःशेष भाग जातो; भागाकार ११५९७६४. हे दोन भागाकार एकमेकांचे शेजारी आहेत, आणि भाजक १९५ व १५२३ हे आचार्यांच्या मधल्या पायरीवरचेच अंक आहेत. पोथींत मधली पायरी फाटली असली तरी शेवटच्या उत्तरावरून ती अशी परत मिळवितां येते.

(ई) संख्येस ११ नेंही निःशेष भाग जातो. उजवीकडून एकाआड एक अंक घ्यावे : ९, ०, १, ६, ७ यांची बेरीज २३, राहिलेले ४, ९, ३, ६, १ यांचीही बेरीज २३. दोन्ही पारडीं समतोल.

(उ) सर्व अंकांची बेरीज ४६, तिचे १०, त्याचा १. म्हणजे नवांनीं भागून शेष १. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे नवांनीं शेष शून्य. शून्याचा वर्ग ६१ नें गुणून एक मिळविला तरी एकच, कसोटी जुळते.

(ऊ) ज्येष्ठास कनिष्ठानें भागिलें असतां ६१ चें आसन्न वर्गमूळ येतें, आणि तें दशांशाच्या सतरा स्थानांपर्यंत खऱ्या मुळाशीं जुळतें.

५. आतां पोथीकडे वळूं. बीजगणितांत प्रश्न श्लोकांत आहे, परंतु उत्तराचे हे मोठे अंक गद्यांतील न्यासांत येतात. ज्योतिषग्रंथांत भगणांच्या संख्या भूतसंख्यांनीं श्लोकबद्ध केलेल्या असतात. तेथें शब्द हाच अंकाचा रखवालदार. येथें तो नाहीं. लेखकाची लेखणी क्षणभर चुकली कीं काम संपलें. देवनागरी अंकांत ३ व ६ हे एकमेकांच्या आरशांतील प्रतिमेसारखे. जुन्या वळणांत १ व ९ यांचाही घोटाळा सहज होतो. शिवाय ऋण क्षेप दाखविण्याकरितां अंकाच्या डोक्यावर जें टिंब देतात, तें नकलेंत गळतें, किंवा कीटकाच्या छिद्रानें नसलेलें टिंब उत्पन्न होतें. वरील उदाहरणांत ४ वर टिंब नसेल तर तें ऋण समजून घातलें पाहिजे, हें १५२५ व १५२१ यांच्या अंतरावरून सिद्ध आहे.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका गृहस्थांच्या घरची बीजगणिताची पोथी प्रस्तुत लेखकास कांहीं दिवस पाहावयास मिळाली होती. छायाचित्र घेण्याची सोय नव्हती. हातानेंच नक्कल केली. नकलेंतील मोठ्या संख्यांस नवांची कसोटी लावली, ती जुळली, आणि मन स्वस्थ झालें. पुढें कित्येक वर्षांनीं वर्गांत हें उदाहरण सांगत असतां एका विद्यार्थ्यानें उठून सांगितलें कीं शेवटचे तीन अंक जमत नाहींत. त्याचा हिशेब सरळ होता. कनिष्ठाचे शेवटचे तीन अंक ९८०. त्यांच्या वर्गाचे शेवटचे तीन ४००. ते ६१ नें गुणिले तरी शेवटीं ४००. एक मिळवून ४०१. म्हणजे ज्येष्ठाच्या वर्गाच्या शेवटीं ४०१ यावयास पाहिजेत. फळ्यावर मीं लिहिलें होतें १७६६३१९४०९. चारशें नवांच्या वर्गाच्या शेवटीं २८१ येतात.

मीं तत्काळ उत्तर दिलें कीं पोथीच अशुद्ध आहे. इतकेंच नव्हे, तर त्या संग्रहाच्या यादींतील चिठीवर, मालकांच्या परवानगीनें, ‘अंक अशुद्ध, लेखक गणितानभिज्ञ’ असा शेरा लिहून पाठविला. त्यानंतर दोन वर्षांनीं पोथी पुनः पाहण्याचा योग आला. पान काढून पाहतों तों स्वच्छ अक्षरांत १७६६३१९०४९! शून्य व चार यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती. नवांची कसोटी ती पकडूं शकली नाहीं, कारण अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाहीं. चिठीवरील शेरा मीं त्याच दिवशीं रद्द केला. परंतु मधल्या काळांत माझ्या नकलेवरून दोघांनीं आपापल्या टिपणांत तो अंक उतरून घेतला होता. त्यांपैकीं एकास कळवितां आलें, दुसरे तोंपर्यंत निवर्तले होते. पोथीच्या शेवटीं जुने लेखक ‘जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मजकडे नाहीं’ अशा अर्थाचा श्लोक घालीत असतात. त्या अज्ञात लेखकास तो श्लोक शोभत होता. मला शोभला नसता.

६. ह्या प्रसंगावरून जे नियम सुचले ते असे. नवांची कसोटी आपल्याकडे जुनी आहे. द्वितीय आर्यभटाच्या महासिद्धांतांत ती सांगितली आहे. परंतु तिचे दोन दोष लक्षांत ठेवावे. अंकांची अदलाबदल तिला दिसत नाहीं, आणि शून्याच्या जागीं नऊ किंवा नवाच्या जागीं शून्य पडलें तरी दिसत नाहीं. आपल्या संख्येच्या शेवटीं ०४९ आहे, म्हणजे दोन्हीं धोके तेथेंच एकत्र आले आहेत. अकराची कसोटी ह्या दोन्हीं चुका पकडते. कोणताही एक अंक बदलला, किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर अकराचा शेष बदलल्यावांचून राहत नाहीं. माझ्या चुकीच्या अंकास ती लाविली असतां पारडीं २७ व १९ अशीं येतात, अंतर ८. चूक तत्काळ उघडकीस येते. मात्र एकाच संख्येंत दोन चुका झाल्या तर त्या परस्परांस झांकूं शकतात. म्हणून शेवटचा निर्णय संपूर्ण गुणाकारानेंच करावा. आपल्या ज्येष्ठाचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१ असा एकोणीस अंकी आहे. कनिष्ठाच्या वर्गाच्या एकसष्ट पटींत एक मिळवून हाच आला पाहिजे.

येथवर शुद्ध पाठाचा विचार झाला. परंतु अशुद्ध पाठही टाकाऊ नसतो. दोन पोथ्यांत शुद्ध अंक सारखा असेल तर त्यावरून त्यांचें नातें सिद्ध होत नाहीं. कारण शुद्ध अंक कोणीही स्वतंत्रपणें गणित करून लिहूं शकतो. दोहोंत एकच विशिष्ट चूक त्याच जागीं असेल तर मात्र त्या दोघी एका आईच्या लेकी असण्याचा संभव फार मोठा. सूर्यदासाची शके १४६० मधील टीका व कृष्ण दैवज्ञाची बीजनवांकुरा टीका, जी पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३० मध्यें छापली, ह्यांच्या परंपरांतील पोथ्या निरनिराळ्या ओळखण्यास शब्दांच्या पाठभेदांबरोबर अंकांच्या चुकांचाही उपयोग करून घेतला पाहिजे. म्हणून संपादकानें अंक शुद्ध करून छापावा, पण पोथींतला मूळ अंक तळटीपेंत अवश्य द्यावा. मुकाट्यानें केलेली दुरुस्ती ही एक प्रकारची पुराव्याची नासाडीच होय.

७. ह्या संख्येचा परदेशांतील इतिहासही सांगण्यासारखा आहे. सन १६५७ मध्यें फ्रान्समधील गणिती फेर्मा यानें असेच प्रश्न इतर गणित्यांपुढें आव्हान म्हणून टाकिले, आणि फ्रेनिकल यास लिहितांना उदाहरण म्हणून ६१ व १०९ हे अंक सुचविले. म्हणजे पांचशें वर्षांच्या अंतरानें दोन देशांतील दोन पंडितांनीं परस्परांची वार्ता नसतां एकाच अंकावर बोट ठेविलें. इंग्लंडमध्यें ब्राउंकर व वॉलिस यांनीं रीति काढिली. ऑयलरनें गैरसमजानें तिचें श्रेय पेल नांवाच्या गणित्यास दिल्यामुळें युरोपांत ह्या समीकरणास त्याचेंच नांव चिकटलें. अशीं उत्तरें नेहमीं असतातच, हें लाग्रांज यानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिद्ध केलें. आपल्या बीजगणिताचा फारशी तरजुमा शहाजहानच्या कारकीर्दींत अताउल्ला यानें केला होता. त्यावरून स्ट्रॅचीनें १८१३ मध्यें इंग्रजी सारांश दिला, आणि कोलब्रूकनें १८१७ मध्यें मूळ संस्कृतावरून संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध केलें. तेव्हां कोठें युरोपीय विद्वानांस ही संख्या बाराव्या शतकांतील ग्रंथांत पाहावयास मिळाली.

येथें थोडा संयम पाळणें इष्ट आहे. चक्रवाल भास्कराचार्यांनींच शोधिलें असें पुष्कळदां लिहिलें जातें. परंतु आचार्य तसें म्हणत नाहींत. ‘ह्यास चक्रवाल म्हणतात’ अशाच अर्थाचे त्यांचे शब्द आहेत, आणि ग्रंथाच्या शेवटीं ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांच्या बीजगणितांचें ऋण ते मोकळेपणानें मान्य करितात. त्यांच्या ह्या प्रामाणिकपणास पुढें एका पोथीनेंच पुष्टि दिली. लघुभास्करीयावरील उदयदिवाकराच्या सुंदरी नांवाच्या टीकेंत (सन १०७३) जयदेव नांवाच्या आचार्याचे चक्रवालविषयक श्लोक उतरून घेतलेले आढळले. ते कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ मध्यें प्रसिद्ध केले. जयदेवाचा मूळ ग्रंथ उपलब्ध नाहीं. एका टीकेच्या पोथीमुळें त्याचें नांव तरलें. तसेंच चक्रवाल नेहमीं इष्टस्थळीं पोंचतेंच याची उपपत्ति भास्करीय ग्रंथांत नाहीं. ती विसाव्या शतकांत कृष्णस्वामी अय्यंगार यांनीं दिली. असें सांगितल्यानें आचार्यांचा मोठेपणा उणा होत नाहीं. अपूर्णांकांतील एका पायरीवरून तीन भावनांत दहा अंकी उत्तरास भिडणें हें कौशल्य त्यांच्या ग्रंथांत उघड दिसतें, आणि तें तेवढ्यावरच उभें आहे.

८. शेवटीं पोथ्यांच्या मालकांस व संग्राहकांस एक विनंती आहे. आपल्या दप्तरांत बीजगणिताची पोथी असेल तर चक्रवालाचें प्रकरण काढून हे अंक पाहावेत. दोन पारडीं समतोल येतात कीं नाहीं, एवढें तपासण्यास संस्कृतही नको व फारसें गणितही नको. न आलीं तर पहिला संशय आपल्या वाचनाचा घ्यावा, दुसरा आपल्या नकलेचा, आणि सर्वांच्या शेवटीं जुन्या लेखकाचा. तरीही अंक चुकीचाच ठरला, तर तो खोडूं नये, हरताळ फांसूं नये, शेजारीं शाईनें दुरुस्तीही करूं नये. निराळ्या कागदावर अंक, पानाचा क्रमांक व लेखनशक नोंदवून त्रैमासिकाकडे पाठवावा. अशा पंधरावीस नोंदी जमल्या तर बीजगणिताच्या पोथ्यांची वंशावळ मांडण्यास साधन मिळेल. प्रस्तुत लेखकाच्या नकलेवरून ज्या कोणाच्या टिपणांत १७६६३१९४०९ हा अंक गेला असेल, त्यांनीं तो प्रस्तुत लेखकाचाच दोष समजून सुधारून घ्यावा. इत्यलम्.